गोळीनं किडनी जाते म्हणे

"बीपीची गोळी एकदा लागली की सुटत नाही, आणि वर किडनी जाते." सांगली-मिरजेच्या पट्ट्यात राहून हे वाक्य कानावर पडलं नाही असा माणूस मिळणं अवघड. लग्नाच्या पंगतीत ते निघतं, पारावर निघतं, तासगावच्या एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही ते खात्रीनं सांगतो. मी ते सगळ्यात जास्त ऐकलं ते रक्त घ्यायच्या खिडकीपाशी. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करण्यात माझी बरीच वर्षं गेली. दंडाला रबरी पट्टा बांधून शीर चाचपायला लागलं, की सुईवरचं लक्ष काढायला माणसं बोलू लागतात. "बीपी आहे का?" असं विचारलं की उत्तर येतं, "आहे की. डॉक्टरांनी गोळी दिलीय, पण मी घेत नाही. किडनीवर जाते म्हणतात." सांगणाऱ्यांत निवृत्त मुख्याध्यापक असतात, बँकेतल्या बाई असतात, साखर कारखान्यातले कारकून असतात. चांगली शिकलेली, घरदार नीट सांभाळणारी माणसं.

यातलीच काही माणसं काही वर्षांनी त्याच खिडकीशी परत येतात, तेव्हा चिठ्ठीवर क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फरस, हिमोग्लोबिन असं ओळीनं लिहिलेलं असतं. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा कचरा; किडनी मंदावली की तो साठतो. चिठ्ठी बघितली की पुढचं समजतं. पोटात तुटतं, कारण यातलं पुष्कळसं टळलं असतं. मी डॉक्टर नाही. कुणी कुठली गोळी घ्यावी हे सांगणं माझं काम नाही आणि ते मी इथंही करणार नाही. पण नमुन्याच्या बाटलीतून आणि रिपोर्टच्या आकड्यांतून रक्तदाब आणि किडनी यांचं नातं जसं दिसलं, तसं सांगावं असं फार दिवस मनात होतं.

मी काम शिकले तेव्हा लघवीतलं प्रोटीन बघायला उष्णतेची परीक्षा करायचे. काचेची परीक्षानळी पाऊण भरायची, तळाशी धरून तिरकी करायची आणि वरचा भाग तेवढाच स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा. खालचा भाग थंडच ठेवायचा, कारण तुलना त्याच्याशी करायची असते. उकळी फुटताना वरचा भाग गढूळला, तर सौम्य ॲसिटिक ॲसिडचे दोन-चार थेंब सोडायचे. गढूळपणा फॉस्फेटचा असेल तर थेंब पडताच निवळतो. प्रोटीनचा असेल तर राहतो, कधी आणखी दाट होतो. नळी काळ्या कागदापुढं धरली की वरचा दुधी भाग आणि खालचा स्वच्छ पिवळा भाग यांच्यामधली रेघ स्पष्ट दिसते. आता पट्टी बुडवून रंग बघतात, मशीन आकडा देतं. पण ती रेघ ज्यानं डोळ्यांनी पाहिलीय त्याला किडनीतून काय निसटतंय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. रक्तात राहायचं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीत आलंय, एवढाच त्या रेघेचा अर्थ.

हीच परीक्षा लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉ. रिचर्ड ब्राइट चमचा आणि मेणबत्ती घेऊन करायचे. अंगावर सूज आलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घ्यायची, मेणबत्तीवर धरायची, गोठते का बघायचं. असे रुग्ण दगावल्यावर त्यांची शवविच्छेदनं करून त्यांनी १८२७ साली लिहिलं, की ज्यांच्या लघवीत अल्ब्युमिन होतं त्यांच्या किडन्या खराब झालेल्या आहेत. पुढं १८३६ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: अशा पुष्कळ रुग्णांचं हृदयही मोठं झालेलं असतं, डावा कप्पा जाड झालेला असतो. किडनी बिघडल्यानं रक्त पुढं ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागत असावा, असा त्यांचा तर्क होता. दंडाला पट्टा बांधून दाब मोजायचं रिवा-रोची यांचं यंत्र आलं १८९६ साली. म्हणजे रक्तदाब मोजता येण्याच्या साठ वर्षं आधी त्याचं किडनीशी असलेलं नातं एका माणसानं चमच्यात आणि चिरलेल्या हृदयात पाहिलं होतं.

त्याच हॉस्पिटलमध्ये १८७० च्या दशकात फ्रेडरिक अकबर महोमेद नावाचा तरुण डॉक्टर होता. पाटण्याहून इंग्लंडला गेलेल्या आणि लंडनमध्ये १८१० साली हिंदुस्थानी खाण्याचं हॉटेल काढणाऱ्या शेख दीन महोमेद यांचा हा नातू. नाडीची रेघ कागदावर उमटवणारं यंत्र त्यानं सुधारून घेतलं आणि रुग्णांच्या नाड्या उमटवत बसला. त्याला दिसलं, की काही माणसांची नाडी ताठ, दाब चढलेला, पण लघवीत अल्ब्युमिनचा पत्ता नाही. म्हणजे दाब आधी येऊ शकतो आणि किडनी मागाहून बिघडू शकते. १८८४ मध्ये, पस्तिशीतच, विषमज्वरानं तो गेला. ब्राइट यांनी किडनीकडून हृदयाकडं जाणारी वाट दाखवली, महोमेदनं दाबाकडून किडनीकडं येणारी. दोघांचंही बरोबर निघालं.

हे कसं, ते समजायला किडनी काय करते ते बघावं लागतं. मुठीएवढी, साधारण दीडशे ग्रॅम वजनाची एकेक किडनी. दोन्ही मिळून शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्काही नाहीत, पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तातला जवळजवळ पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभर रक्त, या दोघींकडं जातं. प्रत्येकीत सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे बारीक गाळण्या, आणि प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. दिवसाला १८० लिटर द्रव त्यातून गाळला जातो. त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी होते. गाळायला दाब लागतो, म्हणून रक्तदाब किती असावा याची काळजी किडनीइतकी दुसऱ्या कुठल्या अवयवाला नसते. दाब कमी वाटला की किडनी रक्तात रेनिन नावाचं द्रव्य सोडते. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं, शिवाय मीठ आणि पाणी धरून ठेवायचा हुकूम सोडतं. दाब वाढतो. रेनिनचा शोध स्वीडनमध्ये १८९८ साली लागला, पण बरीच वर्षं त्याकडं कुणी फारसं पाहिलं नाही. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीकडं जाणारी रोहिणी चिमट्यानं थोडी आवळली. कुत्र्यांचा रक्तदाब चढला आणि चढलेलाच राहिला. किडनीला रक्त कमी पोचलं, तिला वाटलं सगळ्या शरीराचाच दाब पडलाय.

दाब किडनी ठरवते याचा मला सगळ्यात जास्त पटलेला पुरावा १९८३ चा आहे. रक्तदाबानं किडन्या गेलेल्या सहा रुग्णांना निरोगी, बीपी नसलेल्या दात्यांच्या किडन्या बसवल्या. त्यांचा वर्षानुवर्षांचा रक्तदाब गोळ्यांशिवाय ताळ्यावर आला. उंदरांवर हे आधीच दिसलं होतं: दाब चढलेल्या उंदराची किडनी दुसऱ्याला बसवली की दाब तिच्याबरोबर जातो.

आमचे चुलत सासरे, आण्णा, तासगाव तालुक्यात द्राक्षबाग करतात. सत्तरीला टेकलेत, पण ऑक्टोबरच्या छाटणीला आजही स्वतः कात्री घेऊन उभे राहतात. त्यांचं बीपी बऱ्याच वर्षांपूर्वी निघालं होतं. गोळी कधी घ्यायची, कधी महिना-महिना सोडायची. "डोकं दुखत न्हाई, चक्कर येत न्हाई, मग कशाला?" असा त्यांचा हिशेब. एकदा मी हट्टानं त्यांचं रक्त आणि लघवी घेतली. प्रोटीन दोन प्लस, क्रिएटिनिन १.६, ईजीएफआर ४६. ईजीएफआर म्हणजे किडन्या मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळतात याचा अंदाज. नव्वदच्या पुढं असला तर चांगला, साठच्या खाली तीन महिने राहिला तर जुनाट आजार धरतात, पंधराच्या खाली गेला की डायलिसिसची भाषा सुरू होते.

मी रिपोर्ट घेऊन गेले तर म्हणाले, "बघ, म्हणून मी गोळ्या घेत न्हाई. त्या गोळ्या किडन्या खात्यात. पारावर सगळी म्हणत्यात."

"आण्णा, ठिबकचा फिल्टर तुंबला की काय होतं?"

"मागचं मीटर चढतंय."

"आणि तिकडं कुणी बघितलंच नाही तर?"

"जाळी फाटती न्हाईतर पाइप सुटतो. माती सगळी पुढं जाती, तोट्या बसत्यात."

"तुमच्या लघवीत प्रोटीन आलंय ते जाळी फाटल्यावर येणाऱ्या मातीसारखं. आणि तुमच्या बागेत फिल्टर तुंबला तरी मोटर आपली तेवढ्याच जोरात चालते. इथं फिल्टरच मोटरीला सांगतो, अजून दाब दे म्हणून."

आण्णा बराच वेळ रिपोर्टकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे ह्याला थांबवायचं कुणी?" प्रश्न बरोबर होता. चढत्या दाबानं नेफ्रॉनच्या तोंडाशी येणाऱ्या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, काही नेफ्रॉन मरतात. मेलेला नेफ्रॉन परत येत नाही, नवा तयार होत नाही. उरलेल्यांवर जास्त काम पडतं, त्यांच्यातला दाब वाढतो, मग तेही झिजतात. किडनीला रक्त कमी पडलं की रेनिन सुटतं, बाहेरचा दाब आणखी चढतो. हे सगळं चालू असताना काही दुखत नाही. क्रिएटिनिनही गप्प असतं. निम्मी क्षमता गेली तरी ते "नॉर्मल" रकान्यात बसू शकतं, आणि किडकिडीत म्हाताऱ्या बाईचं १.२ आणि तालमीत जाणाऱ्या पोराचं १.२ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. लघवीतलं अल्ब्युमिन मात्र बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी बोलतं. माझी खरी तळमळ इथं आहे. बीपी दर महिन्याला मोजणाऱ्या घरांत लघवीची ही साधी, स्वस्त तपासणी वर्षानुवर्षं होत नाही.

आण्णांच्या कपाटात बीपीच्या गोळ्यांची पट्टी अर्धी शिल्लक होती. तिच्याशेजारी एक प्लॅस्टिकची पिशवी होती. त्यात कंबरेच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नाव नसलेल्या दोन रंगीत पुड्या. छाटणी, डिपिंग, फवारणी, सगळी कामं वाकून किंवा हात वर करून. संध्याकाळी कंबर धरते, सकाळी परत बागेत जायचं असतं, औषधाच्या दुकानात "कंबरेची द्या" म्हटलं की मिळते. या गोळ्या आण्णा रोज घेत होते, कधी दोन वेळा, आणि त्यांना त्यांनी औषध म्हणून मोजलंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ती काय गोळी हाय व्हय? ती दुखण्याची."

किडनीकडं येणारी रक्ताची वाट मोकळी ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं वापरतं. उन्हात घाम गाळलेल्या, पाणी कमी प्यालेल्या माणसाला तर त्यांचीच भिस्त असते. दुखण्याच्या या गोळ्या नेमकी तीच द्रव्यं बंद करतात. वाट आकसते, किडनीला रक्त कमी पडतं. शिवाय त्या मीठ धरून ठेवतात, म्हणून बीपी चढतं आणि बीपीच्या गोळीचा जोर कमी होतो. बीपीसाठी सार्टन किंवा प्रिल गटातली (नावाच्या शेवटी 'सार्टन' किंवा 'प्रिल' असलेली) गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वर पेनकिलर अशी तिन्ही एकत्र आली आणि त्यात जुलाब-उलट्या झाल्या, तर काही दिवसांत किडनी बसू शकते. डॉक्टर मंडळी या तिकडीला घाबरतात ते उगाच नाही.

तेव्हा पारावरच्या वाक्यात तथ्याचा एक कण आहे. गोळीनं किडनी जाऊ शकते. फक्त बोट चुकीच्या पट्टीकडं दाखवलं जातं.

इतकी माणसं हे वाक्य मनापासून का मानतात यावर मी खूप विचार केलाय. नुसतं अज्ञान म्हणून ते झटकून टाकणं मला पटत नाही. लोक जे डोळ्यांनी बघतात त्यावरूनच बोलतात. डायलिसिसला जाणाऱ्या कुणाचीही पिशवी उघडा, तिच्यात बीपीच्या तीन-चार गोळ्या असतातच. गोळ्या खाणाऱ्याची किडनी गेली, हे बघणाऱ्याला दिसतं. गोळी लागायच्या आधीची बिनगोळीची दहा वर्षं कुणालाच दिसत नाहीत. दुसरं, ॲम्लोडिपिन या अगदी सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळीनं काहींच्या घोट्याला सूज येते. सूज म्हणजे किडनी, हे आपल्याकडं पक्कं बसलेलं. खरं तर ही सूज पायाच्या बारीक वाहिन्या सैल झाल्यामुळं येते, किडनीशी तिचा संबंध नसतो, आणि डॉक्टर गोळी बदलून किंवा कमी करून ती घालवू शकतात. किडनीची सूज बहुधा सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती दिसते, आणि तेव्हा लघवीला न मोडणारा फेस असतो.

तिसरं कारण जरा नाजूक आहे. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशा गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढतं. या गोळ्या नेफ्रॉनमधून रक्त बाहेर पडायची वाट सैल करतात, त्यामुळं आतला दाब उतरतो, गाळणं किंचित मंदावतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, कारण पुढं हीच गोळी किडनीला वाचवते. पण रुग्णाच्या हातात रिपोर्ट पडतो, आकडा मागच्यापेक्षा मोठा असतो, तो घरी जाऊन गोळी बंद करतो. "प्रत्यक्ष रिपोर्टवर दिसलं" असा पुरावा गावाला मिळतो. डॉक्टरांनी गोळी लिहून देतानाच "पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन जरा चढेल, घाबरू नका, पोटॅशियमबरोबर परत तपासू" एवढं एक वाक्य बोललं, तर कितीतरी लोकांच्या गोळ्या सुटणार नाहीत.

या गोळ्यांची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावलेल्या माणसाचा रक्तदाब घसरतो. सर्जिओ फेरेरा या तिथल्या शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात त्या विषातला घटक शोधला. त्यावरून पुढं कॅप्टोप्रिल तयार झालं आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. १९९३ साली मधुमेहानं किडनी बिघडलेल्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांत मृत्यू, डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांचं एकत्र प्रमाण निम्म्यावर आलं होतं. २००१ मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टनही किडनीला जपतात असे निष्कर्ष आले. ज्या गोळीला आपण किडनीची वैरीण म्हणतो, ती किडनी वाचवायची म्हणून दिली जाते. गरोदरपणात मात्र ती चालत नाही, आणि जुलाब-उलट्या लागल्या की डॉक्टरांना विचारून ती काही दिवस थांबवावी लागू शकते. हे माहीत असायलाच हवं.

मिठाबद्दल बोलल्याशिवाय सांगलीकडं पुढं जाता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचाही पुरता नाही. आपला दिवस खरड्यानं सुरू होतो, दुपारी लोणचं-पापड, चार वाजता भडंग, रविवारी मिसळ आणि वर फरसाण. भडंग तिखट लागतो म्हणून त्यातलं मीठ जिभेला कळत नाही. जास्त मीठ खाल्लं की प्रिल आणि सार्टन गोळ्यांचा परिणामही कमी होतो, म्हणजे एका हातानं गोळी घ्यायची आणि दुसऱ्यानं ती पुसून टाकायची. सैंधवाचं काय, असं मला बायका हमखास विचारतात. सैंधव हेही सोडियम क्लोराइडच. आणि दुकानात "कमी सोडियमचं" म्हणून मिळणारं मीठ किडनी बिघडलेल्या माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि मंदावलेल्या किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. शहाळ्याचंही तेच. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण प्रेमानं शहाळं नेतो. किडनीच्या रुग्णाकडं जाताना आधी घरच्यांना विचारावं.

माझं माहेर सातारा जिल्ह्यात, कोरेगावकडं. आईला बीपी आहे आणि तिची गोळी गेली काही वर्षं चुकलेली नाही. याचं श्रेय मी आम्हा मुलांना देणार नाही. केंद्र सरकार, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), राज्य सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू केला, त्यात महाराष्ट्रातले पहिले जिल्हे भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि सातारा होते. कल्पना साधी आहे: ठरलेल्या मोजक्या गोळ्या, ठरलेल्या पायऱ्यांनी, महिनाभर पुरतील इतक्या, गावाजवळच्या सरकारी केंद्रात फुकट. कोण आला, कोण आला नाही याची नोंद. न आलेल्याला फोन, नाहीतर आशाताई दारात. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. आईला पुरस्काराचं काही माहीत नाही. "ती पोरगी येती ना विचारायला, मग तिला काय सांगायचं?" म्हणून ती गोळी घेते. दीर्घ आजारात माणसाला टिकवून धरायला अशी दारात येणारी पोरगी किती कामाची, हे मी लॅबमध्ये बसून कधी बघितलं नसतं. मला एवढंच वाटतं, की दाब मोजायच्या त्याच फेरीत वर्षातून एकदा लघवीची बाटलीही सगळीकडं हातात द्यावी.

दाब मोजणंही नीट हवं. एसटीतून उतरून धापा टाकत आलेल्या माणसाचा तेव्हाच्या तेव्हा दाब घेतला तर तो चढलेलाच येणार. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत टेकलेला, पट्टा उघड्या दंडावर. लघवी तुंबलेली नको, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको, मोजताना बोलणं नको.

डायलिसिसच्या लोकांचं रक्त घ्यायला मी जायची तेव्हा पहिलं शिकले ते हात विचारायला. एका हातात फिस्टुला असतो, शीर आणि रोहिणी जोडून फुगवलेली. त्यावर बोट ठेवलं की सतत थरथर लागते, आणि ती थरथर लागते तोवर ती वाट चालू आहे. त्या हाताला पट्टा बांधायचा नाही, सुई टोचायची नाही, बीपी मोजायचं नाही. जुने रुग्ण सांगायच्या आधीच दुसरा हात पुढं करतात. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, बरेचदा परगावाहून एसटीनं येऊन. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे म्हणून पुष्कळ घरं तगली, हे मी जवळून पाहिलंय. पण येण्या-जाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी, दिवसाला तांब्याभर पाण्याचा हिशेब आणि मिठानं लागणारी तहान यांची भरपाई कुठल्या योजनेत नाही. त्या खुर्च्यांवर मला पस्तिशीतली पोरंही दिसली, ज्यांचं बीपी पहिल्यांदा मोजलं गेलं तेच दवाखान्यात भरती झाल्यावर.

काहींच्या वाट्याला मुळातच कमी नेफ्रॉन येतात. ते आईच्या पोटातच तयार होतात, जन्मानंतर वाढत नाहीत. वजनानं फार कमी भरलेल्या बाळांत ते कमी असतात आणि पुढं बीपीचा धोका वाढतो, असं मांडलं गेलंय. जर्मनीत २००३ साली अपघातात गेलेल्या माणसांच्या किडन्यांतले नेफ्रॉन मोजले, तर बीपी असलेल्यांत ते बीपी नसलेल्यांच्या साधारण निम्मे निघाले. जत-आटपाडी, माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यांत बाईच्या गरोदरपणातल्या जेवणाचा विषय निघतो, तेव्हा मला हा आकडा आठवतो.

आण्णा आता किडनीच्या डॉक्टरांकडं जातात. गोळी रोज घेतात, कंबरेची पिशवी मी उचलून आणली, त्याऐवजी डॉक्टरांनी दुसरी व्यवस्था करून दिली. प्रोटीन एक प्लसवर आलंय, क्रिएटिनिन तिथंच थांबलंय. थांबलं हेच या आजारात कमावणं. औषधाच्या दुकानात ते आता आधी सांगतात, "मी किडनीवाला हाय, बघून द्या." आणि पारावर विषय निघाला की म्हणतात, "जाती की किडनी गोळीनं. पर बीपीच्या न्हवं, कंबरेच्या."

ज्यांना बीपी किंवा साखर आहे, घरात कुणाला किडनीचा आजार होता, किंवा जे बरीच वर्षं दुखण्याच्या गोळ्या घेत आलेत, त्यांनी डॉक्टरांकडून दोन गोष्टी चिठ्ठीवर मागून घ्याव्यात: ईजीएफआरसह क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, ज्याला लॅबमध्ये एसीआर म्हणतात. हे प्रमाण तीसच्या आत असलं तर बरं, तीनशेच्या वर गेलं तर गंभीर. एकदा जास्त आलं म्हणून लगेच खचू नये, तीन महिन्यांच्या आत परत करून बघतात. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा असला तर उत्तम. ताप असेल, लघवीला जळजळ असेल, पाळी चालू असेल किंवा आदल्या दिवशी फार मेहनत झाली असेल, तर आकडा उगाच वाढतो, तेव्हा चार दिवस थांबून द्यावा. आणि रक्त उपाशीपोटी द्यायचंय म्हणून त्या सकाळची बीपीची गोळी बुडवून येऊ नका. डॉक्टरांनी मुद्दाम थांबवायला सांगितलं नसेल तर घोटभर पाण्याबरोबर ती घेऊनच या. गोळी न घेता आलेल्यांची बीपी चढलेली निघतात, मग घरी जाऊन तीच माणसं म्हणतात, गोळीचा काही उपयोगच नाही.